बैलाच्या कष्टावाचून

बडोद्यातील जुन्या मराठी वाड्यांना पूर्वी परसू असे. दांडिया बाजारात काय, रावपुऱ्यात काय, पुढे ओटा, मध्ये चौक आणि मागे विहिरीला लागून परसू, ही घराची ठरलेली मांडणी. मोरीचे पाणी जिथून बाहेर पडे तिथे अळू माजलेला, विहिरीच्या कठड्याशी गवती चहा, कुंपणावर घोसाळी, एका कोपऱ्यात कढीलिंब, दुसऱ्यात पपई. ह्याला कोणी बाग म्हणत नसे. बाग म्हणजे १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी झालेली कमाटीबाग. तिथे फुले, हिरवळ आणि बँडस्टँड. सयाजीराव महाराजांना बागांची हौस मोठी. विलायतेतील क्यू येथे काम केलेले क्रूम्बीगल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली त्यांनी बडोद्यास आणले. पुढे १९०८ साली म्हैसूरकरांनी त्यांना बंगळूरला नेले. बंगळूरकर त्यांचे नाव अजून काढतात, आपल्याकडे फारसे कोणी काढत नाही. असो. परसाला असा कोणी तज्ज्ञ कधी लागला नाही. ते घरातल्या बायकांच्या हाताखाली आपले आपण चाले, आणि वाडे पाडून मजल्यांची घरे उठली तेव्हा ते गेले, तेही फारशी हाकाटी न होता.

भाजी तर बाजारात मिळते, मग परसाचे एवढे काय, असे कोणी विचारील. खरे आहे. हिवाळ्यात बडोद्याच्या भाजीबाजारासारखा बाजार नाही. पापडी, तुरीचे लीलवे, जांभळे रतालू, हातभर मुळे; उंधियूचे सामान पाहूनच पोट भरते. पण हा बाजार गुजराथी स्वयंपाकघराचा आहे, आणि ते योग्यच आहे. वडीचा अळू तिथे हवा तेवढा मिळतो, कारण पात्रे त्याच्यावाचून होत नाहीत. फदफद्याचा, हिरव्या देठाचा अळू मात्र मागितला तर भाजीवाली आपल्याकडे दयेने पाहते. पडवळाच्या जातीचे आखूड पंडोळे कधीमधी दिसते. हातभर लांबीचे, पांढऱ्या रेघांचे, आपल्या डाळीतले पडवळ मी बाजारात पाहिल्याला वर्षे झाली. अंबाडीची तीच गत. एरवी ह्यावाचून काही अडत नाही. अडते ते भाद्रपद शुद्ध पंचमीला.

ऋषिपंचमीचा नियम आपल्या वाचकांना मी सांगायला नको, पण नव्या सुनांसाठी सांगते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले धान्य नाही, भाजी नाही. माणसाच्या हाताने खणलेल्या मातीत जे येईल तेवढेच. म्हणून ऋषीच्या भाजीत अळू, लाल माठ, पडवळ, दोडके, भेंडी, काकडी, लाल भोपळा, चवळीच्या शेंगा, सुरण, मक्याची कणसे, असे सगळे परसातले येते. आमच्या घरी तिला फोडणी नाही, तिखट नावापुरते, आणि अळू खाजू नये म्हणून चिंचेचा कोळ. शेतात आता बैल फारसा राहिलाच नाही, ट्रॅक्टर आला, तेव्हा बाजारची भाजी चालावी, असा युक्तिवाद आमच्या घरात दरवर्षी होतो. ट्रॅक्टरला कष्ट होतात की नाही ह्यावर शास्त्री मंडळींचे एकमत होईपर्यंत आम्ही हाताने खणतो.

हे खणायला जागा मिळाली ती २०१६ साली. नदीपलीकडे एका गृहस्थांची मोठी जागा नुसती पडून होती. बांधायचे तेव्हा बांधू, तोवर जागेची राखण तरी होईल, ह्या हिशेबाने त्यांनी तिचे पट्टे आखून भाजी लावायला वर्षाच्या कराराने दिले. माझा पट्टा वीस फूट रुंद, तीस फूट लांब. इंग्लंडात माझी भाची अशीच नगरपालिकेकडून घेतलेल्या जागेत बटाटे लावते. तिकडे १९०८ सालच्या कायद्याने लोकांची मागणी असेल तर अशा जागा पुरवणे स्थानिक मंडळांवर बंधनकारक झाले, आणि पट्ट्याचे रूढ माप सुमारे अडीचशे चौरस मीटर. म्हणजे माझ्या चौपटीहून मोठे. तिला मी माझ्या पट्ट्याचा फोटो पाठवला तेव्हा तिने विचारले, “मावशी, बाकीचा कुठे आहे?”

बाकीचा नाही, पण जेवढा आहे तेवढा पुरून उरतो. आमची माती गोराडू, म्हणजे हलकी, भुरकी, खणायला सोपी. दोष एवढाच की जोराच्या सरीनंतर ऊन पडले की वर पापुद्रा धरतो, आणि कोवळा कोंब खाली गुदमरतो. म्हणून पेरल्यावर वर वाळके गवत पसरायचे आणि अंकुर दिसताच ते हलक्या हाताने उचलायचे. ज्येष्ठात शेणखत मिसळून वाफे तयार करायचे, पडवळाचे बी आदल्या रात्री भिजत घालायचे कारण त्याचे कवच जाड, आणि मृगाचा पहिला बरा पाऊस झाला की टोचायचे. तोवर बांबूचा मांडव उभा राहिला पाहिजे. हे काम आमच्या ह्यांचे. मांडव दरवर्षी थोडा तिरपा होतो आणि दरवर्षी जमीनच तिरपी असल्याचे मला सांगण्यात येते.

आता चढउतारांविषयी. चढ सांगायला सोपे, एका ओळीत संपतात: श्रावणात भेंडी एवढी येते की शेजारी आपल्याला पाहून दार लावून घेतात. उतारांना मात्र तोटा नाही.

पहिला उतार म्हणजे वानरे. बडोद्यातील काळतोंडी वानरे फार सुसंस्कृत असतात. ती एकही वांगे पूर्ण खात नाहीत. प्रत्येकाचा एक घास घेऊन ते टाकतात आणि पुढचे घेतात, जणू काही पसंतीच करायला आली आहेत. जुनी लाल साडी दोरीवर फडकवली तर तीन दिवस येत नाहीत. चौथ्या दिवशी साडीवरच बसतात. शेजारच्या पट्ट्यातील सिंधी भाई थाळी वाजवतात. त्यांच्या थाळीला वानरे भीत नाहीत, पण आम्ही सगळे दचकतो, आणि त्या दचकण्यामुळे कामाला हुशारी येते.

वानर निदान दिसते तरी. भेंडीवर येणारी पांढरी माशी दिसेपर्यंत काम झालेले असते. तिच्यामुळे पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पुढे सगळे पानच पिवळे होते, भेंडी निबर आणि फिकट येते. ह्या केवड्या रोगाला औषध नाही. झाड उपटून लांब नेऊन जाळायचे. निंबोळीचा अर्क आधीपासून फवारला तर माशी कमी राहते इतकेच. पाच किलो निंबोळ्या कुटून शंभर लिटर पाण्याला, हे शेतकऱ्याचे प्रमाण. आमच्या पट्ट्याला अर्धा किलो आणि दहा लिटर पुष्कळ. दोडके, काकडी, कारली ह्यांना फळमाशी डंख करून आत अंडी घालते, आणि वरून ताजे दिसणारे फळ चिरले की आत अळ्या. त्याला वासाचे सापळे मिळतात, नरमाश्या त्यात अडकतात. पण कारल्याला सर्वांत चांगला उपाय म्हणजे फळ बोटाएवढे असतानाच त्याला वर्तमानपत्राची सुरळी बांधणे. ह्या पानाचाही त्या कामी उपयोग झालेला आहे, संपादकांनी राग मानू नये.

पाणी हा वेगळाच अध्याय. सगळ्या पट्ट्यांना मिळून बोअर एक. पाळीचा कागद राखणदाराच्या खोलीच्या दारावर लावलेला. चैत्र-वैशाखात मनुष्यस्वभावाचे जे दर्शन त्या कागदापुढे घडते, ते लिहू गेल्यास दुसरा लेख होईल. राखणदार मात्र सज्जन. पाणी सुरू झाले की “बेन, पाणी आव्युं!” अशी हाक तो एकदाच देतो, आणि ज्याला ती ऐकू आली नाही त्याचा वाफा त्या दिवशी सुका.

तरी हे सगळे मी करते ते भेंडीसाठी नव्हे, हे एव्हाना लक्षात आले असेल. पट्ट्याच्या मागच्या अंगाला, मांडवाखाली, माझे खरे पीक असते. ते म्हणजे बी.

सासूबाई १९५८ साली लग्न होऊन रत्नागिरीकडून बडोद्यास आल्या तेव्हा त्यांच्या पेटीत पडवळाच्या बियांची पुरचुंडी होती. हे त्यांनीच मला सांगितले, आणि माझ्या लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात मला परसात नेऊन कोणते फळ खायचे आणि कोणते राखायचे ते दाखवले. वेलाच्या बुंध्याकडचे, सरळ, लांब, डागावाचून असे पहिल्या बहरातले फळ राखायचे. त्याच्या देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे घरातला कोणी ते चुकून तोडणार नाही. खायच्या फळाच्या टोकाला खडा बांधतात, तो फळ सरळ वाढावे म्हणून. बियाच्या फळाला खडा नाही, ते मुळात सरळ असेल तरच राखायचे. पिकले की ते शेंदरी लाल होते, आत तांबडा गर, आणि गरात कंगोऱ्याच्या कडेच्या करड्या बिया. त्या राखेत चोळून, सावलीत वाळवून, डब्यात. बी दोनतीन वर्षे बरे टिकते, पुढे भरवसा नाही. म्हणजे दरवर्षी लावावेच लागते. डब्यात ठेवून विसरता येईल असा हा ठेवा नव्हे.

आणखी एक. पडवळाचे फूल पाहिले आहे का? दिवसा पाहिले असेल तर पाहिले नाही. सूर्य मावळल्यावर ते उमलते, पांढरे, आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला जाळीदार झिरमिळ्या, जशी एखाद्या जुन्या रुमालाची क्रोशाची किनार. रात्रीचे पतंग त्याच्यावर येतात. नर फुले झुपक्याने, मादी फूल एकटे, आणि त्याच्या मागे बारीकसे पडवळ आधीपासूनच तयार. शेजारच्या पट्ट्यात कोणी पंडोळे लावले असतील तर पतंगांना आपले-परके कळत नाही, आणि पुढच्या वर्षी वेलाला मधलेच काहीतरी लागते. म्हणून बियाच्या फुलासाठी संध्याकाळी, फुले उमलण्याआधी, मादी कळीवर आणि नर कळीवर पातळ कापडाची पिशवी घालायची. अंधार पडला की विजेरी घेऊन जायचे, नर फुलाचे पराग मादीच्या फुलाला लावायचे आणि पिशवी पुन्हा बांधायची. श्रावणात आठ-दहा संध्याकाळी आम्ही दोघे ह्या कामाला जातो. पहिल्या वर्षी विजेरी हलताना पाहून राखणदार काठी घेऊन धावत आला होता. आता तोच विजेरी धरतो.

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला. शहरात मगरी रस्त्यावर आल्या, ती चित्रे सगळ्या देशाने पाहिली. आमच्या पट्ट्यात पाणी आले आणि दीडदोन दिवसांत उतरले. मांडव उभा राहिला, पडवळ वाचले. त्यामुळे २०२४ सालच्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा मनात काळजी असली तरी धास्ती नव्हती. गोकुळाष्टमीला पाणी वाढू लागले. दुसऱ्या दिवशी ते रस्त्यावर, तिसऱ्या दिवशी आमच्या तळमजल्याच्या घरात. आम्ही वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे तीन रात्री काढल्या. दिवे नाहीत, खाली पाणी, आणि पाण्यात काय आहे ह्याची कल्पना असल्यामुळे कोणी खाली वाकूनही पाहत नव्हते.

पाणी ओसरल्यावर घरातील चिखल काढायला चार दिवस गेले. शेजारणी येऊन भांडी घासून गेल्या, त्यांची नावे मी इथे घालत नाही, त्यांना आवडणार नाही. बियांचा डबा स्वयंपाकघराच्या फडताळात सापडला. झाकण घट्ट होते तरी आत गढूळ पाणी शिरले होते. मागच्या वर्षीच्या वीसबावीस बिया शिल्लक होत्या, त्या फुगून फुटल्या होत्या. दोघींना पांढरे मोडही आले होते, आणि तेही सडू लागले होते.

मग पट्ट्यावर गेलो. मांडव आडवा. त्याच्यावर दुसऱ्याच्या मांडवाचे बांबू, कोणाच्या तरी घराची चटई, प्लास्टिकच्या पिशव्यांचे ढीग. लाल दोऱ्याची चारही फळे चिखलात मऊ पडलेली, हाताने उचलली की तुटत. सुरणाचा कांदा खाली कुजला होता हे वासावरूनच कळले. अळू तेवढा उभा, हिरवागार, जणू काही ह्याच दिवसाची वाट पाहत होता. तो मी घरी आणला नाही. ज्या पाण्यात शहराची सगळी गटारे मिसळली त्या पाण्यात बुडालेली पालेभाजी धुऊनही खाऊ नये, आणि देवाच्या नावाने तर मुळीच नाही. सगळा कापून टाकला. नदीचा गाळ म्हणजे सोने, असे शाळेच्या पुस्तकात आपण वाचले. ते नदीला शहर भेटण्याआधीचे असावे. आमच्या वाफ्यांवर बसलेला गाळ वाळून सिमेंटासारखा झाला, पाणी खाली जाईना. तो कुदळीने फोडून, कचरा वेचून, आम्ही माती तशीच उन्हात पडू दिली. मग ताग पेरून फुलावर येण्याआधी मातीत गाडला. हिरवे खत म्हणून ह्याच्याइतके स्वस्त काही नाही. भाजीपाला पुन्हा लावला तो माघात.

पण ऋषिपंचमी तर ८ सप्टेंबरला होती, पूर ओसरून दहा दिवसही झाले नव्हते. हे म्हणाले, “यंदा राहू दे.” मीही तेच ठरवले होते. पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीलाच, घरात गणपतीची मूर्ती बसली, आरती झाली, आणि दुपारी दारात एक बाई उभ्या. उंच वस्तीत राहतात, पाणी त्यांच्याकडे पोचले नव्हते. त्यांच्या आई आणि माझ्या सासूबाई एका भजनी मंडळात होत्या. पदराखालून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी काढले. पडवळ. हातभर लांब, पांढऱ्या रेघांचे. म्हणाल्या, “काकी, हे तुमच्याच घरचे आहे. आईंना तुमच्या सासूबाईंनी बी दिले होते, आम्ही गच्चीत पिंपात लावतो. तुमच्याकडे पूर आला म्हणून ऐकले.”

पुढचे काही मला बोलता आले नाही, त्यांनीही बोलायला लावले नाही, चहा घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत आणखी दोघीतिघी आल्या. कोणी कुंडीतला माठ, कोणी अंगणातली चार भेंडी, एकीने सोसायटीच्या कुंपणावरचे दोडके, तेही वॉचमनला विचारून. पंचमीला भाजी झाली. भोपळा नव्हता, सुरण नव्हता, कणीस नव्हते. ह्यांनी दोनदा घेतली.

कार्तिकात त्या बाईंच्या गच्चीवरचे एक फळ पिकून लाल झाले आणि तीस बिया माझ्याकडे आल्या. २०२५ च्या ज्येष्ठात मी चौदा टोचल्या, अकरा उगवल्या. त्यांपैकी एका वेलाला आखूड, फुगीर फळ लागले. गच्चीवर कोणा शेजाऱ्याचे पंडोळे असणार. तो वेल मुळासकट काढला. बाकीच्या दहांवर श्रावणात पिशव्या बांधल्या, विजेरी धरणारा राखणदार होताच. लाल दोऱ्याची फळे नऊ मिळाली.

आता जागेचे मालक सांगतात की मुलांचा विचार बांधण्याचा आहे. करार एकेका वर्षाचा, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांनी इतकी वर्षे दिली हेच पुष्कळ. पण एका डब्यात, एका घरात बी ठेवायचे नाही एवढे आम्ही ठरवले आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत बारा-बारा बिया घालून पुड्या केल्या. वर तारीख आणि ‘भिजवून लावणे’ अशी सूचना ह्यांच्या अक्षरात. एक पुडी गच्चीवाल्या बाईंकडे परत गेली. दोन इंदूरला, एक नात्यातील मुलीबरोबर पुण्यास. एक भाचीला हवी होती, परंतु बी परदेशात पाठवायला सरकारी दाखले लागतात, तेव्हा तिची पुडी इथेच तिच्या नावाने ठेवली आहे.

शेवटची पुडी काल आमच्याच इमारतीसमोरच्या नव्या टॉवरमधील एका मुलीने नेली. नुकतेच लग्न झालेले, घर आठव्या मजल्यावर, गॅलरी चार फुटांची. तिने विचारले, “आजी, मांडव नसला तर वेल कठड्यावरून खाली सोडला तर चालेल का? पडवळ खालीच लोंबतात ना?”

“चालेल,” मी म्हटले, “पण सातव्या मजल्यावर कोण राहते ते आधी बघून ये.”